स्नेअरचा एक ठोका

बिल ब्रुफर्ड ओळखायला मला एक ठोका पुरतो. गाणं आधी ऐकलेलं नसलं तरी चालतं. स्नेअरवर स्टिक पडते आणि बहुतेक रॉक ड्रमरांकडून येतो त्या जाडसर 'धप्'ऐवजी एक उंच, कोरडा, जरासा लांबत जाणारा 'टँग' ऐकू येतो. पत्र्याच्या डब्यावर कोणी नेमक्या जागी टिचकी मारावी तसा. हा आवाज सगळ्यांना आवडतो असं नाही. आमच्या बँडच्या गिटारवाल्याला तो आजही खटकतो. पण तो कोणाचा आहे, हे त्यालाही लगेच कळतं.

मी बारा वर्षं ड्रम वाजवतेय. प्रोग्रेसिव्ह रॉकचा विषय निघाला की लोक आधी मोजणीबद्दल बोलतात. सातचा ताल, अकराचा ताल, वीस-वीस मिनिटांची गाणी. ते सगळं आहेच. पण मोजणी शिकता येते. चिकाटी असेल तर वर्षभरात सातमध्ये झोपेतही वाजवता येतं. एखादा बँड तसाच का वाजतो, दुसऱ्यासारखा का नाही, याचं उत्तर मात्र मोजणीत सापडत नाही. ते पुष्कळदा एका माणसाच्या आवाजात सापडतं. ब्रुफर्ड हे त्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण, कारण तो एका बँडमध्ये टिकून राहिला नाही. येस, किंग क्रिमझन, जेनेसिस, यूके, स्वतःचा अर्थवर्क्स. माणूस तोच, खोल्या वेगवेगळ्या. कुठल्या खोलीत काय झालं ते ऐकून बघता येतं.

आधी त्या 'टँग'बद्दल. स्नेअर म्हणजे ड्रमरच्या दोन गुडघ्यांमध्ये असतो तो उथळ ड्रम. त्याच्या खालच्या हेडला बारीक तारा लावलेल्या असतात. स्टिकचं टोक वरच्या हेडवर आणि दांडा कडेच्या धातूच्या रिंगवर, असे दोन्ही एकाच क्षणी पडले की त्याला रिमशॉट म्हणतात. तबल्यावर चाटेवरच्या 'ना'ला जशी धार असते, तशी धार त्याने येते. रिमशॉट सगळेच मारतात, पण एखाद्या ठोक्याला जोर द्यायचा असेल तेव्हा. ब्रुफर्ड मात्र तो सतत मारायचा, तेही उंच सुरात ताणलेल्या स्नेअरवर, आणि तिची घुमणारी शेपटी दाबून न टाकता.

यामागे हौस होती तशी गरजही होती. येस १९६८ साली लंडनमध्ये सुरू झाला तेव्हा ब्रुफर्ड एकोणीस वर्षांचा होता. त्या काळच्या छोट्या क्लबांमध्ये स्पीकर असायचे ते मुख्यतः गायकासाठी. ड्रमरला आपल्या हातांच्या जोरावरच ऐकू जावं लागे. त्यात येसचा बेसवादक ख्रिस स्क्वायर रिकनबॅकर बेस पिकने वाजवायचा. त्याचा बेस तळाशी गुपचूप बसणारा नव्हता. चकचकीत, कडक आवाजात तो गाण्याच्या मध्यभागी येऊन धून वाजवायचा. म्हणजे मधली जागा भरलेली, वर ऑर्गन आणि गिटार, आणि त्यावर तीन गळे. ब्रुफर्डची स्नेअर जिथे चढली, तिथेच तेवढी मोकळी जागा होती.

इथे मला खरी गंमत वाटते. रॉकचा साधा नियम असा की बेस आणि पायाने वाजणारा बेस ड्रम हातात हात घालून चालतात, आणि स्नेअर दोनवर आणि चारवर पडते. ऐकणाऱ्याचे पाय त्यावर हलतात. येसमध्ये बेस स्वतःच्याच वाटेने निघालेला. मग ब्रुफर्डनेही स्नेअरला दोन-चारच्या खुंटीवरून सोडवलं. लहानपणापासून त्याचे कान जॅझचे होते. मॅक्स रोचसारखे ड्रमर त्याचे आदर्श होते. जॅझमध्ये स्नेअर पहारेकऱ्यासारखी ठरलेल्या वेळी टोल देत नाही, ती बाकीच्यांच्या बोलण्यात मध्येच काहीतरी बोलते. 'फ्रॅजाइल' या १९७१च्या अल्बममधलं 'हार्ट ऑफ द सनराइज' हेडफोन लावून ऐका. बेस पळतोय, ड्रम त्याला टोचतायत, आणि दोघांच्या मध्ये फटी आहेत. त्या फटींतून बाकीचा बँड दिसतो. स्नेअर जाड आणि दणदणीत असती तर त्या फटी बुजल्या असत्या.

हे नुसतं माझं मत नाही, याची एक प्रकारची चाचणी झालेली आहे. १९७२मध्ये 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग संपलं आणि येस लोकप्रियतेच्या शिखराकडे चाललेला असताना ब्रुफर्ड बँड सोडून गेला. त्याच्या जागी अ‍ॅलन व्हाइट आला. व्हाइट जॉन लेननबरोबर वाजवलेला माणूस, 'इमॅजिन'वरचे ड्रम त्याचेच. दौरा तोंडावर होता आणि असली गुंतागुंतीची गाणी त्याने तीन दिवसांत बसवली. पुढच्या वर्षी 'येससाँग्ज' नावाचा तीन रेकॉर्डचा लाइव्ह अल्बम आला. त्यात बहुतेक गाण्यांवर व्हाइट आहे, पण 'पर्पेच्युअल चेंज'सारख्या थोड्या ठिकाणी ब्रुफर्ड. म्हणजे एकाच अल्बमवर, एकाच बँडच्या पाठीशी दोन ड्रमर.

व्हाइटच्या ठोक्याला वजन आहे. त्याची स्नेअर खाली बसते, बेस ड्रमला पाठीशी घेते, आणि गाणं जमिनीवर येतं. 'सायबेरियन खात्रू' स्टुडिओत ऐकलं की एखादं यंत्र अधांतरी फिरतंय असं वाटतं. 'येससाँग्ज'मध्ये तेच गाणं चाकं लावून रस्त्यावर धावतं. गिटार तीच, बेस तोच, गळा तोच. यात कोण श्रेष्ठ हा वाद लोक पन्नास वर्षं घालतायत आणि मला त्यात रस नाही. मला एवढंच दिसतं की स्नेअर बदलली आणि स्क्वायरच्या बेसचा अर्थ बदलला. पूर्वी तो ड्रमशी वाद घालायचा, आता त्याला पाय ठेवायला फरशी मिळाली. मोठ्या स्टेडियममध्ये वाजवायला निघालेल्या बँडला कदाचित ती फरशी हवीच होती. व्हाइट २०२२मध्ये वारला तोपर्यंत येसचाच होता.

ब्रुफर्ड गेला तो किंग क्रिमझनमध्ये. तिथे त्याच्या शेजारी जेमी म्यूर नावाचा तालवादक होता. साखळ्या, पत्रे, घंटा, हाताला येईल ते वाजवणारा. म्यूर काही महिन्यांतच बँड सोडून गेला, पण आपण संगीतासाठी असतो, संगीत आपल्यासाठी नसतं, हे त्याने शिकवलं असं ब्रुफर्ड पुढे अनेकदा सांगत आला. शिकलेलं कुठे दिसतं? नोव्हेंबर १९७३मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मंचावर बँडने न ठरवता एक तुकडा वाजवायला घेतला. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉन हलक्या आवाजात एकमेकांत मिसळत गेले. ब्रुफर्ड स्टिक छातीशी आडव्या धरून बसून राहिला. एकही ठोका मारला नाही. पुढे तो तुकडा 'ट्रायो' या नावाने अल्बमवर आला, आणि रचनाकारांत ब्रुफर्डचंही नाव घातलं गेलं, कारण न वाजवण्याचा निर्णय त्याचा होता. इतका ओळखीचा आवाज असलेला माणूस गप्प बसतो तेव्हा ती शांतताही ऐकू येते.

पण सगळ्याच खोल्या मानवत नाहीत. १९७५मध्ये पीटर गॅब्रिएल जेनेसिस सोडून गेला आणि ड्रमर फिल कॉलिन्सने गायकाची जागा घेतली. १९७६च्या दौऱ्यात ड्रमवर ब्रुफर्ड होता. जेनेसिसच्या गाण्यांत गोष्ट असते, पात्रं असतात, आणि ड्रमरने गोष्टीला कुशन द्यायची असते. ब्रुफर्ड मध्येच टिप्पणी करतो. 'सेकंड्स आउट'वरच्या 'द सिनेमा शो'मध्ये तो ऐकायला मिळतो आणि तिथे तो सुंदर आहे. पण काही महिन्यांत तो गेला. मग चेस्टर थॉम्पसन आला आणि त्या खुर्चीत अनेक वर्षं नीट बसला. यात कोणाची चूक नव्हती. आवाज चांगला असणं आणि त्या बँडला तो हवा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग १९८१. किंग क्रिमझन नव्याने उभा राहिला, अल्बम 'डिसिप्लिन'. रॉबर्ट फ्रिपने ब्रुफर्डला झांजांपासून दूर राहायला सुचवलं. झांजा काढल्या की ड्रमरची निम्मी भाषा जाते. शिवाय त्या सुमारास ब्रुफर्डने सिमन्सचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक पॅड घेतले. म्हणजे तो लाकडाचा, पत्र्याचा, घुमणारा आवाजच बाजूला पडायला लागला. आणि तरीही तो ओळखू येतो! हे लक्षात आलं तेव्हा मला माझीच व्याख्या बदलावी लागली. 'टँग' हा त्याच्या आवाजाचा एक भाग होता. दुसरा भाग ठोका कुठे पडतो, किती उशिरा पडतो, कुठे पडत नाही, यात होता. ड्रम बदलला तरी तो बदलला नाही.

ब्रुफर्डने २००९च्या सुरुवातीला जाहीर वादनातून निवृत्ती घेतली आणि पुढे सरे विद्यापीठातून ड्रमरांच्या सर्जनशीलतेवर पीएचडी केली. ती पदवी त्याला २०१६मध्ये मिळाली. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. चाळीस वर्षं वाजवल्यावर तो बसून विचारतो की ड्रमर नक्की काय निर्माण करतो. हा प्रश्न आता मला रोज पडतो, आणि तो पुस्तकी राहिलेला नाही.

मागच्या वर्षी आम्ही चार गाणी रेकॉर्ड केली. मिक्सिंग करणाऱ्याने आजकाल जे सर्रास होतं तेच केलं. सॉफ्टवेअर माझ्या स्नेअरचा प्रत्येक ठोका शोधतं आणि त्यावर दुसरीकडे, उत्तम खोलीत, उत्तम माइकवर रेकॉर्ड केलेला एक ठोका चिकटवतं. मग सगळे ठोके जाळीवर ओढून नेमक्या जागी बसवतं. फाइल आली, आम्ही ऐकली. आवाज खरंच छान होता, आमच्याकडच्या ड्रमपेक्षा कितीतरी महागडा. गिटारवाला खूश झाला. गायिका दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर थांबली आणि म्हणाली, "इथे मला कोणीतरी ढकलतंय."

ते गाणं सातमध्ये आहे. ती पाचव्या मात्रेवरचा शब्द जरा ओढते, म्हणून मी तो ठोका केसभर उशिरा मारते. आम्ही हे कधी बोलून ठरवलेलं नाही. दोन वर्षांच्या तालमीत ते होत गेलं. जाळीवर बसवल्यावर ठोका पुढे सरकला होता आणि तिचा शब्द मध्येच कापत होता. ऐकणाऱ्याला कारण कळलं नसतं. गाणं जरा घाईत आहे, एवढंच जाणवलं असतं.

दोन संध्याकाळी भांडून आम्ही असं ठरवलं की तीन गाण्यांत माझे ठोके माझ्या जागी राहतील आणि माझी स्नेअर पुढे असेल, सॅम्पल खाली पातळ लावायचं. गिटारवाल्याच्या मते आवाज त्यामुळे जरा कमी पडतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चौथं गाणं सरळ चारचं आहे, जोरदार आहे. ते सर्वानुमते पूर्ण सॅम्पलवर आणि जाळीवर ठेवलं. लोकांना आतापर्यंत तेच जास्त आवडलंय, मलाही ते ऐकायला बरं वाटतं. फक्त डोळे मिटून ऐकलं तर ड्रमवर कोण आहे, ते मला सांगता येत नाही.