अष्टमीचे पाणी

प्रवचनपीठावरून आम्ही आजवर पुष्कळ जाळी टाकली. गालीलचे सरोवर, पेत्राची होडी, रात्रभराचे निष्फळ श्रम यांवर वर्षानुवर्षे बोलत आलो. परंतु स्वतःच्या हाताने एक मासोळीही कधी पकडली नव्हती. समोर बसलेले कोळी बांधव हे सारे निमूटपणे ऐकत आणि मनातल्या मनात हसत असावेत. गेल्या जानेवारीत, नाताळची धामधूम संपल्यावर, ही उणीव एकदाची भरून निघाली.

आमचे एक बालमित्र शिक्षक आहेत. सायंकाळी कयाकमधून समुद्रावर जायचे आणि गळाने मासे धरायचे, असा छंद त्यांना जडला आहे. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. जेथे झाड उगवत नाही तेथे वाहून आलेल्या लाकडाचा वा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचे कातडे ताणीत. मास्तरांच्या कयाक मात्र प्लॅस्टिकच्या. होडीत न बसता होडीवर बसायचे. आत आलेले पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते. वल्हे एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना पाती. मास्तरांकडे एक कयाक एकट्याची आहे आणि दुसरी दोघांची. "दोघांच्या कयाकमधला तुमचा जोडीदार मी ठरवला आहे, फादर," एवढेच ते म्हणाले होते.

पाचूबंदरच्या वाळूवर तो जोडीदार आमची वाट पाहत उभा होता. त्याला पाहताच आमचे पाऊल अडखळले. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही दोघे शेजारशेजारच्या खोल्यांत राहिलो होतो. गुरुदीक्षेला दीड वर्ष उरले असताना तो घरी परतला. पुढे त्याने विवाहाचे निमंत्रण पाठविले आणि त्यावर स्वहस्ते लिहिले की, तू आलास तर बरे वाटेल. आम्ही गेलो नाही. उत्तरही धाडले नाही. त्या कठोरपणाला आम्ही त्या वेळी निष्ठा समजत होतो. नंतर तो नोकरीसाठी आखातात गेला आणि मधल्या पंचवीसेक वर्षांवर जणू वाळू पसरली.

त्या दिवशी शुद्ध अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्यानुसार आठाचे सहा झाले; म्हणजे सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. शिवाय अष्टमीला भांगाचे पाणी, उधाणाचा जोर नाही. तरीही जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध तांडेलांनी बजावले, "फादर, सूर्य बुडायच्या आत वळा. भांगाचं पाणी म्हणून गाफील राहू नका. सुकती लागली की खाडी बाहेर ओढते." आम्ही मान डोलावली. उपदेश करणाऱ्यांना उपदेश ऐकण्याची सवय फारशी नसते.

दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने लय द्यायची आणि मागच्याने ती पाळायची असते. तो पुढे बसला, आम्ही मागे. आरंभी आमचे वल्हे त्याच्या वल्ह्यावर सारखे आपटत होते. तो मागे न पाहता म्हणे, "माझ्या हातांकडे बघ." हळूहळू लय जमली. डाव्या हाताला वसईचा किल्ला उन्हात न्हाला होता. 1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने जिंकलेली ती तटबंदी पाण्यावरून पाहताना किती एकाकी वाटते! पलीकडे धारावी बेटाची टेकडी दिसत होती. अर्धा चंद्र डोक्यावर आला होता.

गळाला कोलंबी लावून दोरी सोडली. पाणी तुडुंब भरून स्थिर झाले होते. पहिला शिंगाळा मास्तरांना मिळाला, दुसरा मित्राला. सूर्य बुडाला तेव्हा मास्तरांनी हाक दिली, "चला आता." आमची पाटी अद्याप कोरी होती. "एकच, एकच," असे म्हणत आम्ही अर्धा तास दवडला. अखेर दोरीला हिसका बसला. "काट्याला जप," असे तो म्हणेपर्यंत आम्ही शिंगाळा मुठीत धरलाही होता. त्याच्या कल्ल्यामागचा विषारी काटा उजव्या तळहातात रुतला आणि खांद्यापर्यंत कळ गेली.

मान वर केली तेव्हा किल्ला दूर गेलेला दिसला. ओहोटी लागली होती. खाडीचे पाणी आम्हांला मुकाट्याने बाहेर नेत होते, आणि आमच्या हातून वल्हे धरवत नव्हते. "प्रवाहाशी भांडू नका, आडवे कापून उथळाकडे चला, तिथे ओढ कमी असते," मास्तर ओरडले. मित्र एकटाच दोघांचे वल्हवू लागला. त्याचा श्वास आम्हांला ऐकू येत होता.

आयुष्यभर आम्ही जाळीपलीकडून लोकांची पापनिवेदने ऐकली. त्या अंधारात मात्र पुढे त्याची पाठ होती आणि बोलायचे आम्हांला होते.

"तुझे निमंत्रण मिळाले होते," आम्ही म्हणालो.

वल्ह्याचे चार फटकारे झाले. "ठाऊक आहे."

"यायला हवे होते. निदान दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या. माझी चूक झाली."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लग्नाच्या दिवशी मी दारातून आत शिरलो तेव्हाही मागे वळून पाहिलं होतं, तू आलास का म्हणून." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "डाव्या हाताने जमेल तेवढं मार. लय मी देतो."

त्याने क्षमा केली असे शब्दांत सांगितले नाही. आम्हीही मागितली नाही. डाव्या हाताने वल्हे मारीत राहिलो.

किनाऱ्यावर एक बॅटरी हलत होती. तांडेल पाण्यात गुडघाभर उभे होते. ते रागावले नाहीत; आमचा हात पाहून त्यांनी घरातून सोसेल इतके गरम पाणी आणविले. शिंगाळ्याच्या काट्याची आग उष्णतेने उतरते. तासाभराने ती उतरली.

दुसऱ्या दिवशी मित्राने जेवायला बोलाविले. एका आजाऱ्याच्या भेटीत वेळ गेला आणि आम्हांला पोहोचायला दोन वाजले. त्याच्या पत्नीने शिंगाळ्याचे कालवण वाढले आणि हसून म्हणाली, "फादर, फारच उशीर केलात यायला."

कोणता उशीर, हे आम्ही विचारले नाही. मान खाली घालून जेवलो, आणि कालवण पुन्हा मागून घेतले.