शाईचा हिशेब

बर्लिनमध्ये नॉयकोल्न किंवा वेडिंगच्या फुटपाथवरून चालताना घरांच्या दाराशी 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून ठेवलेल्या वस्तू दिसतात. जुनी पुस्तकं, कुंड्या, लहान मुलांचे बूट, आणि हमखास एखादा इंकजेट प्रिंटर. तो बिघडलेला असतोच असं नाही. पुष्कळदा त्याची शाई संपलेली किंवा वाळलेली असते आणि काळ्या-रंगीत कार्ट्रिजच्या नव्या जोडीला जवळपास मशीनइतकेच पैसे पडतात, म्हणून मालकानं त्याला दाराबाहेर काढलेलं असतं. चांगली मोटर, चांगला स्कॅनर, धड प्लास्टिक असं रस्त्यावर भिजताना पाहून मला दर वेळी वाईट वाटतं.

ऑक्टोबरात विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू होतं आणि पुण्या-नाशिकची मुलं इथे येतात. महिनाभरात त्यांतल्या कुणाचा तरी फोन येतो, "ताई, पन्नास-साठ युरोत प्रिंटर मिळतोय, स्कॅनरसकट. घेऊ का?" प्रश्न योग्यच असतो. जर्मनीत कागदाला अजून वजन आहे. भाड्याचं घर सोडायची नोटीस ई-मेलनं पाठवून चालत नाही. कायद्यानं सही केलेला कागद लागतो. नोकरीच्या राजीनाम्याचंही तेच. शिवाय विमा, व्हिसा, घरमालक यांचे अर्ज. पुण्यात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह दिला की काम व्हायचं. इथे कॉपीशॉप रविवारी बंद, आणि नेमका रविवारी रात्री कागद लागतो.

तरीही मी लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, महिन्याला पानं किती निघतील, त्यांतली रंगीत किती, आणि मशीन न वापरता किती आठवडे पडून राहील? प्रिंटरची खरी किंमत या तीन उत्तरांत असते, खोक्यावर नसते.

स्वस्त मशीनच्या साध्या काळ्या कार्ट्रिजमध्ये शाई कधी कधी 3-4 मिलिलिटरच असते. समजा, ते 20 युरोंना मिळालं आणि त्यातून 190 पानं निघाली, तर एका पानाला साडेदहा सेंट पडले. कॉपीशॉपमध्येही काळं-पांढरं पान साधारण 10 सेंटांना मिळतं, आणि तिथे मशीन विकत घ्यावं लागत नाही. रंगीत कार्ट्रिज 22 युरोंचं आणि पानं 165 धरली, तर आणखी 13 सेंट. म्हणजे रंगीत पान जवळपास 24 सेंटांना. त्यातून तिन्ही रंग एकाच डबीत असतील, तर निळा संपला की उरलेल्या पिवळ्या-गुलाबीसकट सगळी डबी कचऱ्यात जाते. खोक्यात मशीनसोबत येणारी पहिली कार्ट्रिजं अनेकदा अर्धीमुर्धीच भरलेली असतात. त्यामुळे खर्चाचा अंदाज दुसऱ्या जोडीपासून बांधावा.

हे 190 आणि 165 येतात कुठून? आयएसओ/आयईसी 24711 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक पाच पानांचा संच कार्ट्रिज संपेपर्यंत सलग छापतात. मोजणी प्रामाणिक आहे, पण घरात कुणी सलग छापत नाही. मंगळवारी दोन पानं, मग तीन आठवडे काही नाही, मग विमानाचं तिकीट. मध्ये बराच खंड पडला की मशीन आपलं तोंड साफ करतं, आणि त्या सफाईत खरी शाई वाहून आतल्या स्पंजमध्ये जाते. बर्लिनच्या हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली हवा कोरडी असते, त्यामुळे नोझल वाळण्याची भीती जास्त. महिन्याला दहा पानं छापणाऱ्याची कितीतरी शाई कागदावर पोचतच नाही. या खर्चाचा आकडा खोक्यावर कुठेही छापलेला नसतो.

म्हणूनच छपाईचं डोकं कुठे आहे ते मी आधी पाहते. काही स्वस्त मशिनांत ते कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं; कार्ट्रिज महाग पडतं, पण नोझल तुंबलं तर नव्या कार्ट्रिजबरोबर नवं डोकं मिळतं. जिथे डोकं मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं, तिथे शाई स्वस्त पडू शकते, पण वाळलेलं डोकं बदलायला मशीनच्या किमतीएवढा खर्च येऊ शकतो. क्वचित छापणाऱ्याला पहिला प्रकार बरा.

भरपूर छापणाऱ्यासाठी टाकीवाले प्रिंटर आहेत. एप्सननं ते 2010 साली प्रथम इंडोनेशियात आणले. तिथले लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून स्वस्तात छापतच होते. कंपनीनं तीच सोय मशीनमध्ये बसवून विकली. भारतातल्या कितीतरी दुकानांत ते आज दिसतात. युरोपात ते नंतर आले. काळ्या शाईच्या एका बाटलीत हजारो पानं निघतात आणि पानामागचा खर्च सेंटच्या अंशावर येतो. मशीन मात्र दोनशे युरोंच्या आसपास. तीन वर्षांत हजार पानं आणि तीही काळी-पांढरी छापणाऱ्याचा टाकीत फायदा होत नाही. त्यानं साधा काळा लेझर घ्यावा. त्याची पावडर महिनोन्‌महिने पडून राहिली तरी वाळत नाही. मुलांच्या शाळेची रंगीत पानं दर आठवड्याला छापणाऱ्या घराला मात्र टाकीच परवडते.

छपाईचा दर्जा मी फोटोवरून ठरवत नाही. सहा पॉइंटचा मजकूर छापून अक्षरांच्या कडा पाहते, तोही इथे घरोघरी असणाऱ्या रिसायकल्ड कागदावर, कारण त्यावर शाई जास्त पसरते. मग ओलं बोट फिरवते. पिगमेंटची काळी शाई टिकते, डायची पसरते. पाकिटावरचा पत्ता बर्लिनच्या पावसातून जाणार असेल तर हा फरक कामाचा आहे.

1964 साली सुरू झालेली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही ग्राहकांसाठी वस्तू तपासणारी संस्था बर्लिनमध्येच आहे. तिच्या प्रिंटरच्या चाचण्यांत छपाईच्या दर्जाबरोबर शाईचा खर्चही मोजतात. दुकानात जाण्यापूर्वी ते कोष्टक पाहायला मी सांगते. शाईच्या वर्गणीच्या योजना नीट वाचायलाही सांगते, कारण त्यांतल्या काहींत वर्गणी थांबवली की कार्ट्रिजमध्ये शाई शिल्लक असूनही प्रिंटर छापत नाही. परक्या कंपनीच्या कार्ट्रिजचीही चौकशी आधीच करावी. परकी कार्ट्रिजं न स्वीकारण्याच्या एचपीच्या प्रिंटरमधल्या बंधनांची माहिती ग्राहकांना नीट दिली नाही म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं 2020 साली कंपनीला 1 कोटी युरोंचा दंड केला होता.

नाशिकहून आलेल्या एका मुलीला यंदा मी नवा प्रिंटर घेऊ नको म्हणाले. तिची पानं महिन्याला आठ-दहा, ती कॉपीशॉपमध्ये आणि ग्रंथालयात निघतील. स्कॅनिंगला फोन आहे. पुढच्या वर्षी प्रबंध सुरू झाला की जुना काळा लेझर बघू. घ्यायला जाताना तिनं आपलं पान पेनड्राइव्हवर न्यायचं, ते मालकासमोर छापून पाहायचं, आणि ड्रमची, म्हणजे छपाईच्या झिजणाऱ्या रुळाची, किती पानं उरली आहेत ते मशीनच्या अहवालात वाचूनच पैसे द्यायचे.