कडी कुठल्या बाजूला?

१० फूट लांब आणि प्लास्टरसकट ६ इंच जाड विटांची भिंत ५ चौरस फूट जमीन खाते. चौरस फुटाला २५ हजारांचा भाव धरला, तर कॅलेंडर टांगण्यापलीकडे काही न करणारे सव्वा लाख रुपये घरात नुसते उभे असतात. मुंबईत घर घेणाऱ्या कुणालाही हा हिशेब सांगून बघा. त्यानंतर तो भिंतीकडे भाडं थकवलेल्या भाडेकरूकडे बघावं तसा बघायला लागतो.

मी सरकत्या आणि घडीच्या भिंतींची डिझाइन्स करते. माझ्याकडे येणाऱ्यांची मागणी साधारण एकच असते: दिवसा हॉल, रात्री बेडरूम. फोनमध्ये एखादं रील सेव्ह केलेलं असतं. त्यात कुणीतरी एका बोटाने भिंत ढकलतं आणि ती गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसते. भिंतीची जाडी वाचेल, असं लोकांना वाटतं. खरं तर चांगलं सरकतं पॅनेलही तीन-चार इंच जाड असतं, आणि उघडल्यावर त्यांचा गठ्ठा ठेवायला कोपऱ्यात जागा लागते ती वेगळीच. वाचतं ते एवढंच, की तीच फरशी दिवसातून दोनदा वापरता येते.

यात अवघड काय आहे, ते थोडं सांगते. अशी भिंत जमिनीवर उभी नसते, वरच्या रुळाला टांगलेली असते. आवाज अडवायचा तर वजन लागतं, आणि चौरस मीटरला ३० ते ४० किलो हे काही फार नाही. म्हणजे १० फूट लांब, ८ फूट उंच भिंत अडीचशे किलोच्या आसपास जाते. उघडल्यावर हे सगळं वजन एकाच कोपऱ्यात गोळा होतं. पीओपीचं फॉल्स सीलिंग हे पेलत नाही. रूळ थेट स्लॅबला किंवा बीमला धरावा लागतो. वर्षं जातात तसा स्लॅबही काही मिलिमीटर खाली येतो, म्हणून पॅनेलची उंची नंतर कमी-जास्त करता येईल असे बोल्ट ठेवावे लागतात. शिवाय आपल्याकडे पावसाळा आहे. मे महिन्यात लोण्यासारखी सरकणारी लाकडी फळी जुलैमध्ये फुगून बसते.

पण खरी कसोटी फटीची. वर सांगितलेल्या भिंतीखाली फक्त १ इंच फट राहिली, तर ती भिंतीच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम एक टक्का होते. तेवढी एक टक्का फट पुरते. मग बाकीची भिंत कितीही जाडजूड असो, २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. प्लास्टर केलेली साधी विटांची भिंत ४० च्या आसपास अडवते. २० म्हणजे पलीकडे कोण कुणाला काय बोललं, ते शब्दन् शब्द कळणार. म्हणून पॅनेलच्या खालच्या कडेत एक रबरी पट्टी लपवलेली असते. पॅनेल जागेवर आलं की खटका दाबला जातो आणि पट्टी फरशीवर उतरते. खर्च वाढला की गिऱ्हाईक सगळ्यात आधी ही पट्टी वगळायला सांगतं, कारण ती रीलमध्ये दिसत नाही.

माझ्या धंद्यात दोन घरांची नावं हमखास घेतली जातात. एक नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातलं. १९२४ साली ट्रूस श्रोडर या विधवा बाईने खेरित रीटव्हेल्टकडून ते बांधून घेतलं. तिला तीन मुलं होती. वरचा मजला दिवसा सलग मोकळा असायचा आणि रात्री सरकत्या भिंती ओढून त्याच्या खोल्या व्हायच्या. बांधकामाच्या नियमांत हे बसेना, म्हणून नकाशावर त्या मजल्याला माळा म्हटलं गेलं. १९८५ मध्ये मरेपर्यंत ती त्याच घरात राहिली. दुसरं घर हाँगकाँगमधलं, गॅरी चांग या आर्किटेक्टचं. ३४४ चौरस फुटांच्या ज्या घरात तो आईवडील आणि तीन बहिणींबरोबर वाढला, तिथेच त्याने छताला टांगलेल्या भिंती सरकवून २४ प्रकारच्या मांडण्या केल्या.

दोन्ही घरं मला फार आवडतात. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. चांगच्या त्या २४ मांडण्या झाल्या तेव्हा आईवडील आणि बहिणी तिथे राहत नव्हत्या, तो एकटा होता. श्रोडरबाईंच्या घरात भिंत कधी ओढायची, हे सांगणारं मोठं माणूस एकच होतं. तिथे भिंत हलवण्यावरून भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

आपल्या घरात पाच माणसं आणि पाच वेळापत्रकं असतात. मी गिरणगावातल्या १० बाय १२ च्या खोलीत वाढले. आमची सरकती भिंत म्हणजे आजीच्या जुन्या नऊवारीचा पडदा. त्याने आवाज अजिबात अडत नसे, पण आम्ही सगळे तो अडल्यासारखं वागायचो. पडद्याआड काका-काकू बोलत. आम्हाला ऐकू यायचं, पण आम्ही ऐकत नसू. मात्र पडदा कधी लावायचा आणि कधी काढायचा, हे आजोबा ठरवत. पाहुणा दारात आला की पडदा वर जायचा, मग आड कुणी काहीही करत असो. त्यामुळे आई कधी पडद्याच्या भरवशावर राहिली नाही. ती कायम मोरीत साडी नेसायची. तिच्या निऱ्यांची खालची चार बोटं सकाळभर ओली असत.

म्हणून हलणारी भिंत बघितली की मला पहिला प्रश्न पडतो तो हलवणाराचा. पक्की भिंत मुकाट एका जागी उभी राहते. तिथे कुणाचं काही चालत नाही. हलणाऱ्या भिंतीबाबत रोज कुणाचं तरी चालतं. सकाळी कुणाची झोप मोडून ती उघडायची? पाहुणे आल्यावर कुणी आपला पसारा गोळा करायचा? हॉलला खिडकी एकच असेल तर बंद केल्यावर ती कुणाच्या वाट्याला? याची उत्तरं ड्रॉइंगमध्ये नसली तरी घरात ठरलेली असतात. सगळ्यात कमी बोलणारं माणूस सगळ्यात आधी आवरतं.

मागच्या वर्षी डोंबिवलीत एक काम केलं. वन बीएचके, आईवडील, आजी, शाळकरी मुलगा आणि बारावीची मुलगी. हॉलचा खिडकीकडचा भाग रात्री मुलीला अभ्यासाला द्यायचा होता. वडिलांनी सगळा विचार केला होता: रंग, रूळ, भिंतीत घडीचा टेबल. रोज साडेसहाला भिंत उघडायची, कारण त्यांचे फिरायला जाणारे मित्र चहाला येतात. मी मापं घेत होते. मुलगी इतका वेळ दाराशी उभी होती. तिने एकच विचारलं, "ताई, कडी आतून लागेल ना?"

वडील हसले. "आतून कशाला? आपल्याच घरात कुणापासून लपायचंय?"

ती काहीच बोलली नाही. मी टेप गुंडाळत म्हटलं, की कडी आतल्या बाजूला नसेल तर ही भिंत नाही, महागडा पडदा होईल. आणि पडदा तर दादरला मीटरवर मिळतो. ते गप्प झाले, पण पटलं नव्हतं. आत काही झालं तर काय, असं विचारू लागले. हा प्रश्न रास्त होता. त्यावर उपायही साधा आहे: बाहेरून नाणं फिरवून उघडता येईल अशी कडी मिळते. अडचणीत उपयोगी पडते, आणि रोज नाणं घेऊन कुणी येत नाही. शेवटी सोफ्यावरून आजी म्हणाल्या, "लाव रे बाबा. चहा काय, स्वयंपाकघरात उभ्याने पिता येतो."

आता कुठल्याही घरी गेले की मापं घ्यायच्या आधी मी घरातल्या प्रत्येकाला, पोरासोरांनाही, एक कागद देते: तुम्ही किती वाजता झोपता, किती वाजता उठता आणि दिवसातून कधी एकटं असावंसं वाटतं, ते लिहा. पुरुष पहिल्या दोन ओळी पटकन भरतात. तिसऱ्या ओळीपाशी बायका बराच वेळ पेन धरून बसतात. एकीने मला विचारलं, "हे पण लिहायचं असतं?"

मी थांबते. रुळाचं माप त्यानंतर घेते.