गाडी उठत नाही

माणसाला शहाणपण दोन मार्गांनी येते. एक वयाने आणि दुसरे हप्त्याने. माझे वय सेहेचाळीस आणि हप्ते चौऱ्याऐंशी, तेव्हा दोन्ही बाजूंनी मी आता शहाणा व्हायला हरकत नाही.

विजेची मोटार घ्यायची कल्पना मूळची माझी नव्हे, ती माझ्यातल्या बी.कॉम.ची. कॉमर्सच्या पदवीधराला कुठलीही वस्तू आधी कागदावर दिसते आणि मग डोळ्यांना. एका रविवारी मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे पेट्रोल, उजवीकडे वीज. पेट्रोलच्या छोट्या गाडीवर त्या वेळी जीएसटी २८ टक्के आणि वर सेस. विजेच्या गाडीवर ५ टक्के. रस्ताकर माफ. शिवाय ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर, जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला, दीड लाखापर्यंत वजावट. आणि गुढीपाडवा आला होता २२ मार्चला! एवढे योग एका ओळीत पंचांगातही सापडत नाहीत.

सौ.ने कागद वाचला आणि एकच विचारले, "यात बिघाडाचा रकाना कुठेय?"

"अगं, इंजिनच नाही, तर बिघडणार काय?" मी म्हणालो.

वाचकहो, हे वाक्य आमच्या घरात आजही सणासुदीला म्हणून दाखवतात.

सौ.ची एक मुदतठेव होती, ती मोडली. मुदतीपूर्वी ठेव मोडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी आजवर काउंटरपलीकडून ज्या नजरेने पाहत आलो, त्याच नजरेने त्या दिवशी सौ.ने माझ्याकडे पाहिले. पाडव्याला गाडी आली. हिरवी नंबरप्लेट, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. आमचे नाना, म्हणजे वडील, वय वर्षे ब्याऐंशी, काठी टेकत खाली आले. नानांनी एकाच स्कूटरवर सारी नोकरी काढली. ती बंद पडली की एका अंगावर तिरकी करायची आणि किक मारायची. यापलीकडे वाहनदुरुस्तीचे शास्त्र आहे असे ते मानत नाहीत.

"चालू कर," नाना म्हणाले.

"केली की."

"मग आवाज?"

"हिला आवाज नसतो, नाना."

"मग ती चालू आहे हे कुणाच्या भरवशावर मानायचं?"

अकराव्या दिवशी सकाळी ती चालू नव्हती, हे मात्र कुणाच्याही भरवशावाचून समजले. रिमोट दाबला, दार उघडेना. पुन्हा दाबला, दिवा लागेना. तो दिवस नेमका एक एप्रिलचा. म्हणजे बँक गिऱ्हाइकांना बंद आणि आम्हाला वार्षिक हिशेबासाठी हजेरी. "साहेब, नवी गाडी उठत नाही, उशीर होईल," असा फोन केला. साहेब मनमुराद हसले आणि म्हणाले, "यंदा काही तरी नवीन काढा हो!"

कंपनीचा माणूस दुपारी आला. त्याने सांगितले ते ऐकून मी मटकन खाली बसलो. गाडीच्या पोटात तीस युनिटची मोठी बॅटरी. आदल्याच रात्री पंधरा अँपियरच्या प्लगवर तासन् तास लावून भरलेली, शंभर टक्के. पण ती मोठी बॅटरी एकदम कामाला लागत नाही. आधी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी गाडीला जागे करते. दाराचे कुलूप, पडदा, आतला संगणक हे सगळे तिच्या जिवावर. मग ती मोठ्या बॅटरीचा मार्ग मोकळा करते आणि गाडी निघते. आमची छोटी बॅटरी उतरली होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली म्हण. इथे आड तुडुंब आणि पोहरा कोरडा!

"तिरकी करून बघा," गॅलरीतून नाना ओरडले.

त्या माणसाने छोटी बॅटरी बदलून दिली. वॉरंटीत. तीन आठवड्यांनी तीही उतरली. पुन्हा टोइंगच्या गाडीवर वरात, पुन्हा जॉब कार्ड, पुन्हा नवी छोटी बॅटरी आणि वर सॉफ्टवेअर अपडेट. अपडेटनंतर गाडी उठू लागली, पण आता पडदा काळा राही. वेग किती हे कळायला मार्ग नाही. सौ. शेजारून अंदाजाने सांगे. तिसऱ्या खेपेला पडदा आला. मग एके रात्री चार्जिंगची गन खोबणीत अडकून बसली. ओढून निघेना. चार्ज होताना कुणी चोरू नये म्हणून तिला आतून कुलूप असते. कुलूप उघडायची आज्ञा गाडीने द्यायची, आणि गाडी झोपलेली. गोठ्यात म्हैस दावणीला बांधावी तशी आमची मोटार दोन दिवस इमारतीला बांधलेली होती. सोसायटीचे चेअरमन येऊन गंभीरपणे विचारून गेले, "विजेचं मीटर तुमच्याच नावावर आहे ना?"

सर्व्हिस सेंटरमधला ॲडव्हायझर मात्र सोन्यासारखा मुलगा. इतका नम्र, की त्याच्यावर रागावले तर आपल्यालाच पाप लागेल. त्याच्याकडे तीन वाक्ये होती. "सर, सिस्टिममध्ये दाखवत नाहीये." "सर, पार्ट मागवलाय." आणि "सर, उद्या एकदा फोन करून या." ही वाक्ये मी कुठे तरी ऐकली आहेत असे मला सारखे वाटे, पण कुठे ते आठवत नव्हते.

याच काळात चिरंजीवांनी आमच्या ज्ञानात भर घातली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत म्हणे विजेच्या मोटारी चांगल्या खपत होत्या. पेट्रोलच्या गाडीला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे आणि ते उलट फिरले तर हात मोडे. मग १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीला बसला. हँडल गेले, पेट्रोलची गाडी सोपी झाली आणि विजेच्या मोटारी हळूहळू मागे पडल्या. त्याला कारणे बरीच होती, त्यातले हे एक मोठे.

"म्हणजे बाबा," चिरंजीव म्हणाले, "छोट्या बॅटरीने विजेच्या गाडीला एकदा लोळवलंय. तुमची दुसरी वेळ."

चौथ्या खेपेला गाडी आत गेली ती पंधरा दिवस बाहेर आली नाही. हप्ता मात्र पाच तारखेला वेळेवर गेला, त्याला सॉफ्टवेअर अपडेट लागत नाही. मी पीएमटीने बँकेत जाऊ लागलो. एके दिवशी धायरीच्या बसमध्ये शेजारी एक आजी बसल्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारे आमच्याच बँकेचे पासबुक.

"तुम्ही नोकरदार दिसता," आजी म्हणाल्या. "गाडीबिडी नाही?"

"आहे, पण बिघडलीय."

"जुनी झाली असेल."

"तीन महिन्यांची आहे."

"अगं बाई!" आजी खरोखर हळहळल्या. मग म्हणाल्या, "मी बँकेत चाललेय. पेन्शन जमा झाली का ते पासबुकात भरून आणायचं. ही चौथी खेप. तिथलं छापायचं मशीन बंद असतं. पण घरी बसून तरी कसं कळणार? डोळ्यांनी आकडा बघितला की बरं वाटतं हो."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"तिथे काचेमागे एक चष्मेवाला बसतो," आजी पुढे म्हणाल्या. "माणूस वाईट नाही. तोंडाने गोड आहे. पण त्याला 'उद्या या' याच्यापलीकडे शब्दच येत नाही."

चष्मा मी मघाशीच पुसायला काढला होता, तो पुन्हा घालण्याचे धाडस झाले नाही. ॲडव्हायझरची ती तीन वाक्ये कुठे ऐकली होती ते मला आठवले. माझ्याच तोंडून! सिस्टिममध्ये दाखवत नाही, पार्ट मागवलाय, उद्या या. बावीस वर्षे मी ती रोज म्हणत होतो आणि तीही नम्रपणे. फरक एवढाच की मला चार खेपांना टोइंगची गाडी मिळाली. आजींना गुडघेदुखी आणि उभ्याने बस.

बँकेत गेल्यावर आजींचा नंबर आला. त्यांनी पिशवीतून पासबुक काढले, काचेतून पाहिले आणि त्या थबकल्या. मी काही बोललो नाही. पासबुकाचा प्रिंटर बंदच होता, पण साधा प्रिंटर चालू होता. त्यावर चार महिन्यांचा उतारा छापला, शिक्का मारला, पेन्शनच्या रकमेखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद पासबुकाला टाचून दिला. घड्याळ पाहिले. चार मिनिटे. कोट्यवधींच्या ठेवी असलेली आमची बँक या बाईंसाठी चार महिने बंद पडली होती. आड तुडुंब होता. पोहऱ्याच्या जागी मी बसलो होतो.

आजींनी आकड्यावरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाल्या, "मघाशी बसमध्ये बोलले ते मनावर नका घेऊ हां."

"नाही आजी, ते खात्यावर नावे टाकलंय," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. दोष छोट्या बॅटरीत कधीच नव्हता. मोठ्या बॅटरीतून छोटीला वीज पुरवणारी एक पेटी असते, तीच कामातून गेली होती. म्हणजे दोर तुटला होता आणि मंडळी पोहरा बदलत होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! पेटी बदलली आणि गाडी त्या दिवसापासून रोज सकाळी वेळेवर उठते. सौ. माझ्याशी बोलते. नाना मात्र गॅलरीतून अजून लक्ष ठेवून असतात.

आजी दर महिन्याला येतात. काचेतून आधी विचारतात, "गाडी उठली का आज?" मग पासबुक पुढे करतात. पासबुकाचा प्रिंटर मध्यंतरी दुरुस्त झाला होता, गेल्या सोमवारपासून पुन्हा बंद आहे.

पार्ट मागवला आहे. पण आजींना तसे सांगत नाही, साध्या प्रिंटरवर उतारा काढून देतो.