बर्फावरची पकड

सोलंगहून अटल बोगद्याकडे जाताना रस्त्यावरचा बर्फ दबून काचेसारखा झाला होता. पुढची फोर-बाय-फोर चढ सहज चढली. उतारावर मात्र ब्रेक लागले, चाकं थांबली आणि गाडी आडवी सरकत राहिली. आवाज नाही, काही नाही. ते निःशब्द सरकणं अजून मनातून जात नाही. सुदैवाने ती कडेच्या बर्फात रुतली.

चारही चाकांना जोर मिळाला की गाडी निघते. थांबवतं ते रबर. साधं रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. निघण्याच्या ताकदीचंच माणसाला एवढं अप्रूप का, कोण जाणे!

आमच्या चालकाने मुकाट्याने साखळ्या बांधल्या. हिवाळ्यात मनालीला जाणार असाल, तर गाडी ठरवताना आधी टायर बघा.