मागे कोण आहे?

आपल्याकडच्या गाडीची मागची बाजू नेहमी दुसऱ्यांसाठी असते. 'आईचा आशीर्वाद', 'माँ की दुआ', '786', गावाचे नाव, पोरांची नावे, एखादा शेर, हे सारे मागून येणाऱ्याने वाचावे म्हणून रंगवलेले. 'हॉर्न ओके प्लीज' तर इतके रुळले होते की, विनाकारण हॉर्न वाजवण्याला त्यातून उत्तेजन मिळते म्हणून 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते लिहिण्यावर बंदी घातली. पण जो गाडी चालवतो, त्याला मात्र ही बाजू कधी दिसत नाही. पुढच्या काचेतून रस्ता दिसतो, बाजूच्या आरशांतून गाडीच्या दोन्ही कडा दिसतात. मागच्या दरवाजाखाली, बंपरपासूनच्या चार-सहा हातांच्या जागेत काय आहे, कोण आहे, हे चालकाला कळायचे ते दुसऱ्या कोणी सांगितले तरच.

ते सांगणारा माणूस म्हणजे क्लीनर. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ही जमात एकेकाळी अफाट होती. इथे गाडी हा रोजीरोटीचाच विषय. 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, पुढे आकुर्डीला तिचा मोठा कारखाना झाला, आणि जर्मन कंपनीच्या नावातला 'टेम्पो' हा शब्द मराठीत असा मिसळला की कुठल्याही कंपनीची मालवाहू गाडी असो, आपण तिला टेम्पोच म्हणतो. 2005 मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले, तरी लोकांचा टेम्पो टेम्पोच राहिला. या गाड्यांच्या मागे उभे राहून ओरडणारी पोरे बीड-लातूरकडून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून आलेली असत. त्यांची एक वेगळीच भाषा होती. "आन दे, आन दे, आन दे... डावी मार... अजून... बस्स!" आवाज इंजिनात बुडाला तर तळहाताने पत्र्यावर थाप. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. त्या थापेवर भरवसा ठेवून ड्रायव्हर बारा-पंधरा फूट लांबीची गाडी न बघता मागे घ्यायचा. पुढे हाच पोरगा स्टिअरिंगवर बसायचा. गॅरेजमध्ये जसे उस्ताद आणि शागीर्द, तसेच हे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत अधिक आढळले, त्यांत मोटारदुरुस्ती होती. अहवाल वाचण्याआधीच आमच्या वस्तीला ते माहीत होते. डेंटिंगवाला, बॅटरीवाला, सीटकव्हरवाला, पाट्या बसवणारा, सगळे ओळखीचे आणि बहुतेक सगळ्यांची सुरुवात कुठल्यातरी गाडीच्या मागे उभे राहूनच झालेली.

माझे थोरले बंधू, आमचे भाईजान, त्याच शाळेतले. क्लीनर, मग ड्रायव्हर, मग कर्ज काढून घेतलेल्या जुन्या ट्रॅव्हलरचे मालक. गाडी 2012 ची, एमएच-14 पासिंगची, आधीच्या मालकाने भरपूर पळवलेली. चिखलीहून कामगार भरायचे आणि चाकण एमआयडीसीत सोडायचे, हे त्यांचे काम. पहाटेची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी अशा गावांच्या शिवारांत आता कंपन्यांची फाटके आहेत आणि त्या फाटकांसमोर गाडी वळवायला जागा नाही. सुरुवातीला त्यांच्याकडेही एक पोरगा होता. पण ठेकेदार फेरीचे जे पैसे देतो, त्यातून डिझेल, टायर, विमा आणि गाडी आठ वर्षांची झाल्यावर दरवर्षी करावे लागणारे फिटनेस वजा केले की पोराचा पगार निघेना. पोराने काय करावे? तो दुसऱ्या गाडीवर गेला. आज आमच्या पट्ट्यातल्या अशा बहुतेक गाड्यांवर चालक एकटा आहे. पुढे तोच, मागेही तोच.

भाईजानांनी साठी ओलांडली आहे. मानेच्या मणक्यांनी त्यांना डावीकडे वळणे जवळजवळ बंद केले आहे. डॉक्टरांनी पट्टा दिला, तो ते घरी लावतात, गाडीत नाही. पट्टा बघून कामगार घाबरतील म्हणतात. एका पहाटे ते गल्लीतून गाडी काढत होते. भाभी दूध घ्यायला बाहेर आल्या म्हणून त्यांना दिसले, की शेजारचे दीड-दोन वर्षांचे मूल मागच्या चाकाजवळ बसून खडे गोळा करते आहे. भाभी ओरडल्या. गाडी थांबली. मूल हसत होते. कुणालाच काही झाले नाही, तरी त्या दिवशी भाईजान कामावर गेले नाहीत आणि दुपारचे जेवलेही नाहीत. मुलांनी लगेच गाडी विका असा लकडा लावला. विकून खायचे काय, याचे उत्तर मात्र कुणापाशी नव्हते.

मी भोसरीच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून नोकरी केलेली. माझ्या हातात एवढेच होते की गाडीला मागे बघायची काहीतरी सोय करावी. रिव्हर्सचा हॉर्न तिला होताच. आपल्याकडे गाडी मागे येऊ लागली की कधी बाईचा इंग्रजी आवाज, कधी सिनेमाची चाल, तर कधी इक्बालने 1904 साली लिहिलेल्या तराण्याची धून वाजते. पण धून ऐकून बाजूला व्हायचे ते मागच्याने, आणि दीड वर्षाच्या मुलाला धून ऐकली की जवळ यावेसे वाटते.

पूर्वी असे सामान घ्यायला मी कुदळवाडीत गेलो असतो. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो शेड आणि गोदामे अनधिकृत ठरवून पाडली. त्यांत भंगाराची आणि जुन्या सुट्या भागांची दुकाने मोठ्या संख्येने गेली. ज्याच्याकडे मला हवी ती पाटी, हवा तो स्विच डोळे मिटून मिळायचा, तो आता मोशीकडे एका पत्र्याखाली बसतो. त्याच्याकडूनच कॅमेरा घेतला साडेसहाशेला. आतल्या आरशावर अडकवायचा 4.3 इंची पडदा चौदाशेला. वायर, फ्यूज, रिले धरून खर्च अडीच हजारांच्या आत. एका टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी.

हे काम वरवर सोपे आहे. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली की गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच मागचा पांढरा दिवा लावतो. त्याच दिव्याची वीज कॅमेऱ्याला द्यायची, पिवळ्या पिनेची चित्राची वायर पुढे पडद्यापर्यंत आणायची, झाले. पण जुन्या गाडीत एक गोष्ट जोडायला गेले की चार जुनी दुखणी वर येतात. पहिले म्हणजे पांढरा दिवाच लागत नव्हता. स्विच खराब निघाला. तो बदलला, तर दिवा मंद. मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट आणि मागे अकराही नाहीत. कारण अर्थिंगचा नट गंजलेला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, नट आवळला, वर ग्रीस लावले. तरीही जुन्या वायरिंगवर भार नको म्हणून दिव्याच्या विजेने फक्त रिले चालवला आणि कॅमेऱ्याला वीज फ्यूज घालून सरळ बॅटरीवरून दिली. असे केले नाही तर इंजिन चालू असताना पडदा लुकलुकतो आणि नेमका हवा तेव्हा काळा होतो.

दुसरा प्रश्न जागेचा. नंबरप्लेटवर कॅमेरा लावला तर जवळचे चांगले दिसते, पण चाकणच्या रस्त्यावर पावसाळ्यात चिखलाचा एक शिंतोडा उडाला की डोळा गेला. छतापाशी लावला तर तो स्वच्छ राहतो, पण सरळ बघत राहिला तर लांबचे खांब दिसतात आणि पायाशी बसलेले मूल दिसत नाही. आम्ही तो वरच लावला, आणि इतका खाली झुकवला की गाडीच्या बंपरची कड चित्राच्या तळाशी दिसली पाहिजे. कड दिसली म्हणजे कडेपासूनची जमीन दिसली. दरवाजा दिवसातून पन्नासदा उघडतो, म्हणून बिजागरीपाशी वायर ताणून न बसवता तिला रबरी नळीतून ढिला वेढा दिला. नाहीतर महिन्याभरात ती आतून तुटते. पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग लावला, बूच बसवले. पावसाचे पाणी भोक शोधतेच.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. मागचे चित्र आरशासारखे उलटे दिसले पाहिजे. साध्या कॅमेऱ्याने दाखवले तर मागे डावीकडे उभा असलेला माणूस पडद्यावर उजवीकडे दिसतो आणि चालक नेमका त्याच्याच बाजूला गाडी घेतो. आमच्या कॅमेऱ्याला तारेचा एक छोटा वेढा होता, तो कापला की चित्र फिरते. कापण्याआधी मी पुतण्याला डाव्या मागच्या कोपऱ्यात उभे केले आणि भाईजानांना विचारले, "तो कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी उलटी बाजू सांगितली. वेढा कापल्यावर बरोबर सांगितली. चौथी गोष्ट, पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा. त्या सगळ्या गाड्यांना सारख्याच छापलेल्या असतात. त्यांना या गाडीची उंची ठाऊक नाही. म्हणून जमिनीवर खडूने एक मीटरवर आणि दोन मीटरवर रेघा ओढल्या आणि त्या जिथे दिसल्या, तिथे पडद्यावर टेपचे बारीक तुकडे चिकटवले.

ही कल्पना काही नवी नाही. 1956 साली अमेरिकेत ब्युइक कंपनीने प्रदर्शनासाठी केलेल्या एका मोटारीत आरशाऐवजी टीव्हीचा कॅमेरा बसवला होता. पण ती चैनीची वस्तू राहिली. 2002 साली न्यूयॉर्क राज्यात कॅमेरॉन गल्ब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा आपल्याच वडिलांच्या मागे येणाऱ्या गाडीखाली गेला. वडील मुलांचे डॉक्टर. त्या मुलाच्या नावाने 2008 मध्ये तिथे कायदा झाला. पण सगळ्या नव्या छोट्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा व्हायला 2018 चा मे महिना उजाडला. तिथल्या सरकारी खात्याने 2014 मध्ये हिशेब मांडला होता, की मागे येणाऱ्या गाड्यांखाली वर्षाला सरासरी 210 माणसे मरतात. त्यांतली 31 टक्के पाच वर्षांखालची मुले आणि 26 टक्के सत्तरीचे आणि त्यापुढचे म्हातारे. म्हणजे ज्याला पटकन उठता येत नाही, तोच. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. जुन्या गाड्या त्यातून सुटल्या. चाकणच्या कारखान्यांतून कॅमेरे लावलेल्या गाड्या रोज बाहेर पडतात आणि त्या बनवणारा कामगार ज्या गाडीतून येतो, तिला मागे डोळा नसतो, हे मी काही तक्रार म्हणून लिहीत नाही. रोज दिसते म्हणून लिहितो.

भाईजानांना पहिले काही दिवस हे सारे अपमानाचे वाटले. "मेरी गाडी की लंबाई मेरेकू मालूम है," ते म्हणाले. मी म्हणालो, "भाईजान, गाडीची लांबी तुम्हाला ठाऊक आहे. पण तिच्या मागे कोण बसलेय, ते कसे ठाऊक असणार?" ते गप्प झाले. त्यांच्या काचेवर '786' चे स्टिकर आहे, आरशाला तसबी टांगलेली असते. तसबी पडद्यासमोर येते म्हणून ती त्यांनी स्वतःच काढून डॅशबोर्डवर ठेवली. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. गाडीत बसलेली माणसे ही अमानत आहे, असे भाईजान नेहमी म्हणत. गाडीच्या मागे असलेलीही अमानतच, असे आता म्हणतात.

पण एक गोष्ट मला बोचते. ठेकेदाराने कॅमेऱ्याचा फोटो मागून घेतला आणि म्हणाला, "छान! म्हणजे आता हेल्परचा प्रश्नच मिटला." फेरीचे पैसे वाढवा, मागे एक माणूस ठेवू द्या, ही भाईजानांची जुनी मागणी त्या फोटोने निकालात निघाली. कॅमेरा दाखवतो, थांबवत नाही. पाऊस पडला की धूसर होतो, रात्री समोरून दिवा आला की पांढरा होतो. बाजूने धावत येणारे मूल चित्रात येईपर्यंत चाकापाशी पोचलेले असते. म्हणून आमच्या घरचा नियम वेगळा आहे: किल्ली लावण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर, मग काच खाली, मग पडदा, आणि गाडी चालायच्या वेगापेक्षा हळू. मान वळत नसली तरी पाय चालतात, असे मी त्यांना म्हणालो, तेव्हा ते हसले.

रात्रपाळीला त्यांच्याबरोबर लातूरकडचा एक पोरगा येतो, ठेक्यावरचा. महाळुंग्याच्या फाटकाशी गाडी वळवताना तो न सांगता खाली उतरतो आणि मागे जाऊन उभा राहतो. भाईजान सांगतात, पडद्यावर त्याचा वर केलेला हात चांगला दिसतो, चेहरासुद्धा दिसतो. तरी ते काच खाली करून त्याच्या आवाजाची वाट बघतात. पोरगा ओरडतो, "आन दे, चाचा, आन दे." मग ते क्लच सोडतात.