झाकण



"झाकण ठेवलंस का गं?" हा प्रश्न आपल्या घरांत दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. पाणी गाळलं की झाकण, तापल्या दुधावर जाळी, निवल्यावर ताटली. माशी आपल्या पोटात जाऊ नये हे तर झालंच, पण ती दुधात पडून मरूही नये. एकच ताटली दोघांना राखते. म्हणून ती नीट बसायला हवी, मुंगीला एवढीशी फट पुरते.

माणसांच्या बाबतीतही आपण हाच शब्द वापरतो. "झाकून घे", "चारचौघांत झाकलेलं बरं." वर धर्माचा आधार देतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं पाचवं उपगूहन: अजाण किंवा दुबळ्या माणसामुळे धर्ममार्गाला लागणारा बोल झाकणं. त्यासाठी जिनेंद्रभक्त शेठची कथा सांगतात. व्रती माणसाचा वेष घेतलेला चोर शेठच्या चैत्यालयातलं रत्न घेऊन पळाला. पहारेकरी मागे लागले, तेव्हा शेठ म्हणाले, "रत्न मीच आणायला सांगितलं होतं." प्रवचनात कथा बऱ्याचदा इथेच संपते. पुढचं फार कमी वेळा ऐकायला मिळतं: शेठनी त्या चोराला ठेवून घेतलं नाही, रातोरात घालवून दिलं.

माझी मावसबहीण भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालायची. दंडावरचे वळ दिसू नयेत म्हणून. दोनदा माहेरी आली, दोनदा मोठ्यांनी "उपगूहन कर, बाळ" म्हणून परत पाठवलं. मला हे पटत नाही. नवऱ्याच्या मारानं धर्ममार्गाला कसला बोल लागतो? आणि पाचव्यानंतर सहावं अंग येतं, स्थितीकरण, म्हणजे ढळलेल्याला पुन्हा वाटेवर आणणं. जावयासमोर बसून ते सांगायला एकही मोठं माणूस गेलं नाही. झाकायचं काम तेवढं तिच्याकडे.

आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यात घट्ट झाकण कुकरचं. पण त्यालाच वाफेची वाट आधी करून ठेवलेली असते, आणि शिट्टी अडकलीच तर वर सेफ्टी व्हॉल्व्ह.

गेल्या चातुर्मासापासून ती मावशीकडेच आहे. बस्तीत कुणी म्हणालं, "लेक बरेच दिवस राहिली हो," की मावशी आवाज खाली न आणता कारण सांगते.